चाकूआधी स्क्रू तपासायला सांगायला हवं होतं

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ओबो या फुंकवाद्याचे खालचे स्वर सहज यावेत म्हणून रीडचं, म्हणजे तोंडात धरायच्या जोडपात्याचं, टोक पातळ करा, असं मी लेखात लिहिलं होतं. तो सल्ला मानून तुम्ही दोन रीड तासल्यात. खालचा बी फ्लॅट कसाबसा बोलू लागला, पण वरचे स्वर उतरले आणि आवाज पसरट झाला. सल्ला अर्धवट होता, असं तुम्ही म्हणता. ते मान्य आहे. क्रम चुकला, आणि चूक माझीच.

रीडला हात लावण्याआधी ओबो तपासायचा. खालच्या बी फ्लॅटला सगळी छिद्रं मिटलेली असतात, त्यामुळे एखाद्या पॅडमधून, म्हणजे छिद्र झाकणाऱ्या गादीतून, जराशी हवा निसटली तरी पहिला फटका त्यालाच बसतो. खालचा डी धरा आणि तो वाजत असतानाच डाव्या करंगळीनं जी शार्पची चावी दाबा. स्वर हलला, तर ही चावी आणि उजव्या तर्जनीची चावी यांच्या जोडणीचा स्क्रू सैल आहे. उलट तो फार आवळलेला असेल, तर उजव्या तर्जनीखालचं पॅड नीट बसत नाही आणि एफ शार्पपासून खालचं सगळंच जड होतं. स्क्रू फिरवायचा तो अगदी किंचित, पाव फेऱ्याहूनही कमी. मी स्वतः एकदा आठवडाभर चांगल्या रीड तासत बसलो होतो. दोष या स्क्रूचा होता. हे माहीत असूनही लिहिलं नाही, याचं वाईट वाटतं.

ओठ सैल सोडले की आवाज पसरतो, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. पण सैल सोडायचा तो जबडा. ओठांचे कोपरे रीडभोवती घट्टच हवेत. खाली जाताना रीड केसभर बाहेर घ्या, दातांमधलं अंतर वाढवा, पोटाचा आधार मात्र तसाच ठेवा.

जोरानं फुंकलं की खालचे स्वर येतातच, हे तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. जोरानं स्वर फुटतो किंवा वरच्या सप्तकात उडी मारतो. खरी परीक्षा हळू सुरुवातीची: जीभ हलकेच उचलावी आणि खालचा सी लगेच उमटावा.

एवढं करूनही अडलं, तरच चाकू. रीड दिव्यासमोर धरा. टोकाच्या दोन कोपऱ्यांत मधल्या भागापेक्षा गडद सावली दिसली, तर लाकूड तिथं जास्त आहे. दोन पात्यांमध्ये प्लाक, म्हणजे आधाराची पातळ पट्टी, सरकवून तेवढंच काढा, चाकू मधून कोपऱ्याकडे तिरका नेत. तुम्ही बहुधा टोकाचा मधला भागही उतरवलात. रीडला उभं राहायला आधार तिथूनच मिळतो. त्यात माझ्या लेखात 'टोक' एवढंच होतं, टोकाचा कुठला भाग ते नव्हतं.

त्या दोन रीड टाकू नका. रीड ओबोला न लावता, पाती बांधलेल्या दोऱ्यापर्यंत ओठ नेऊन फुंकून पाहा. लाँग स्क्रेपच्या, म्हणजे पातं लांबवर तासलेल्या, रीडमधून सी, तोही निदान दोन सप्तकांत एकदम ऐकू यायला हवा. स्वर बीकडे उतरला असेल, तर टोक केसभर छाटा, पुन्हा फुंका, पुन्हा ऐका. एका वेळी त्याहून जास्त छाटू नका. वरचे स्वर जागेवर आले की थांबा आणि मग परत खालच्या सीवर या.