मनोविकारग्रस्तांना इच्छामरणाचा हक्क असावा का?

कॅनडाने मार्च २०२१ मध्ये इच्छामरणाच्या कायद्यातील ‘मृत्यू जवळ आलेला असावा’ ही अट काढून टाकली. मात्र ज्यांचा एकमेव आजार मनोविकार आहे, त्यांना आधी दोन वर्षे, मग आणखी एक वर्ष आणि आता मार्च २०२७ पर्यंत या कायद्याबाहेर ठेवले आहे. ही चालढकल भेदभावाची आहे, अशी टीका होते. मला मात्र ती योग्य वाटते आणि मुदत संपल्यावरही ही सवलत देऊ नये, असे माझे मत आहे.

मानसिक यातना शारीरिक वेदनांपेक्षा सौम्य असतात, असे मी मुळीच मानत नाही. मनोविकार जडला की निर्णयक्षमता गेलीच, हेही खरे नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. शरीरभर पसरलेल्या कर्करोगाची पुढची वाटचाल डॉक्टर बऱ्याच अंशी सांगू शकतात. तीव्र नैराश्याच्या एखाद्या रुग्णाविषयी ‘हा आता बरा होणारच नाही’ असे खात्रीने सांगण्याचे साधन मनोविकारशास्त्राकडे आज नाही. शिवाय मरणाची इच्छा हे या आजाराचे एक लक्षणही असते, त्यामुळे बोलते आहे ते माणूस की त्याचा आजार, हे तज्ज्ञांनाही नेहमी वेगळे करता येत नाही.

नेदरलँड्समधील शाबो प्रकरण या संदर्भात मुळातून पाहण्यासारखे आहे. पन्नाशीच्या एका स्त्रीचे दोन्ही मुलगे वारले होते. तिला शारीरिक व्याधी नव्हती, उपचार तिने नाकारले होते आणि शाबो या मनोविकारतज्ज्ञाने तिला मरणासाठी मदत केली. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये यातनांचे मूळ शारीरिकच असले पाहिजे असे नाही, हे मान्य केले. तरीही दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरने तिला प्रत्यक्ष तपासले नव्हते म्हणून शाबो यांना दोषी ठरवले, शिक्षा मात्र दिली नाही. (दोषी, पण शिक्षा नाही: न्यायालयाचीही द्विधा झाली असावी, असे मला वाटते.) पुढे २००२ मध्ये कायदा आला आणि स्वतंत्र डॉक्टरचे मत सक्तीचे झाले. तरी तेथील अशाच ६६ प्रकरणांच्या २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे एक चतुर्थांश प्रकरणांत डॉक्टरांचे आपसांत एकमत नव्हते आणि निम्म्याहून अधिक रुग्णांच्या नोंदींत एकाकीपणाचा उल्लेख होता. एकाकीपणा असाध्य आहे, असे प्रमाणपत्र कोणत्या डॉक्टरने द्यायचे?

समर्थकांचा एक मुद्दा मात्र मला अस्वस्थ करतो. दार बंद ठेवले तर काही जण एकटेच, भयंकर रीतीने जीव देतील. उलट इच्छामरणाचा अर्ज करता येतो एवढ्यानेच काहींना मोकळेपणाने बोलता येते आणि ते जगतात, असे काही मनोविकारतज्ज्ञांचेही निरीक्षण आहे. हे मी नाकारत नाही. पण मरणाविषयी डॉक्टरांशी न घाबरता बोलता यावे, यासाठी मरणाची परवानगी हाताशी असलीच पाहिजे असे नाही. त्यासाठी वेळ देणारे, सक्तीने दाखल करण्याची धमकी न देणारे डॉक्टर हवेत, आणि उपचारांसाठी महिनोन्‌महिने ताटकळावे लागता कामा नये. ज्या व्यवस्थेत मानसोपचाराची रांग इच्छामरणाच्या प्रक्रियेपेक्षा लांब आहे, तिथे रुग्णाने केलेल्या निवडीला मी स्वेच्छेची निवड म्हणणार नाही.