पंधराशे डॉलर, पंधराशे रुपये

मार्च महिना आला की महाराष्ट्रातील आप्तेष्टांशी होणाऱ्या बोलण्यात २०२० सालच्या टाळेबंदीचा विषय हमखास निघतो, आणि तो निघाला की वाद दोनच वाटांनी जातो. एका पक्षाचे म्हणणे असे की तेव्हा जे केले त्यावाचून गत्यंतर नव्हते आणि ते पुरते साधले नाही याचे कारण आपल्या लोकांना शिस्त नाही. दुसऱ्या पक्षाच्या मते सगळाच प्रकार अतिरेकी होता. स्वीडनने टाळेबंदी केली नाही, म्हणून तो देश काही बुडाला नाही. एका मुद्द्यावर मात्र दोन्ही पक्षांचे एकमत होते आणि ते मलाच ऐकवले जाते. ‘काका, तुमच्याकडं बरं आहे, तिकडं लोकांना एकदा सांगितलं की ऐकतात,’ असे पुण्याचा पुतण्या म्हणतो आणि सांगलीची वहिनी त्याला दुजोरा देते.

मी मेलबर्नच्या पश्चिमेकडील टारनीट या उपनगरात राहतो. सहा टप्पे मिळून या शहराने २६२ दिवस टाळेबंदीत काढले आणि जगात सर्वाधिक काळ बंद राहिलेल्या शहरांत त्याचे नाव घेतले जाते. तो काळ इथे काढल्यानंतर, लोक सांगितले की ऐकतात हे विधान मला मान्य करता येत नाही. आपल्या लोकांना दंडुकाच कळतो, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष तर मुळीच नाही.

जुलै २०२० मध्ये इथली दुसरी लाट चढत होती. २२ जुलै रोजी व्हिक्टोरिया राज्याचे प्रीमियर (म्हणजे मुख्यमंत्री) डॅनियल अँड्र्यूज यांनी पत्रकार परिषदेत दिलेली माहिती पाश्चात्त्य शिस्तीविषयीचा भ्रम उतरवायला पुरेशी होती. मागील पंधरवड्यात बाधित आढळलेल्या सुमारे ३,८०० लोकांपैकी दहातील जवळजवळ नऊ जण लक्षणे दिसू लागल्यापासून चाचणी होईपर्यंत घरी थांबलेच नव्हते, आणि नमुना दिल्यानंतरही निम्म्याहून अधिक लोकांनी निकाल येईपर्यंत विलगीकरण पाळले नव्हते. हे बेफिकीर लोक होते असे म्हणायचे का? संसर्ग ज्या पश्चिम उपनगरांत सर्वाधिक फोफावला, तिथे गोदामांत माल भरणारे, मांसप्रक्रिया कारखान्यांत राबणारे, वृद्धाश्रमांत पाळी करणारे आणि रात्रीचा पहारा देणारे लोक राहतात. तासाच्या बोलीवर काम करणाऱ्या या माणसांना आजारपणाची पगारी रजा नसते. एक पाळी चुकवली की त्या दिवसाची मजुरी बुडते आणि दोन चुकवल्या तर पुढच्या आठवड्यात बोलावणे येईल याची खात्री राहत नाही. हातावर पोट असणे म्हणजे काय हे कळण्यासाठी इथून मुंबईला जावे लागत नाही, आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत गेले तरी पुरते.

राज्य सरकारने यावर दंड वाढवला, हे खरेच आहे. विलगीकरण मोडणाऱ्याला जागच्या जागी जवळपास पाच हजार डॉलरचा दंड ठरवण्यात आला. परंतु त्याच सुमारास चाचणीचा निकाल येईपर्यंत घरी थांबणाऱ्या, रजा नसलेल्या कामगाराला आधी ३०० आणि पुढे ४५० डॉलर देण्यात येऊ लागले, आणि लागण झाल्यास किंवा बाधिताच्या संपर्कात आल्यामुळे अडकून पडावे लागल्यास १,५०० डॉलर. केंद्र सरकारची ‘जॉबकीपर’ योजना मार्चअखेरीपासून सुरू होतीच; धंदा बसलेल्या मालकांमार्फत प्रत्येक पात्र कामगाराला पंधरवड्याला १,५०० डॉलर मिळत होते. मेलबर्न घरी बसले ते या पैशांच्या आधारावर. रात्री आठ ते पहाटे पाच संचारबंदी, घरापासून पाच किलोमीटरची मर्यादा, दिवसातून एक तास व्यायाम, किराण्याला घरातील एकानेच जायचे, हे सारे ऑगस्टपासून लोकांनी बऱ्याच अंशी पाळले, कारण पाळणे त्यांना परवडू लागले होते. (पाच किलोमीटरही सर्वांना सारखे नव्हते. समुद्राकाठच्या जुन्या उपनगरांत त्या वर्तुळात पुळण आणि बागा येत. आमच्या वर्तुळात एक सुपरमार्केट, भारतीय किराण्याचे दुकान आणि घरे बांधण्यासाठी आखलेले मोकळे प्लॉट एवढेच होते.)

आता महाराष्ट्राकडे पाहू. एप्रिल २०२१ मध्ये ‘ब्रेक द चेन’ नावाने कडक निर्बंध लागू करताना राज्य सरकारने सुमारे ५,४७६ कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले. त्यात परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत बांधकाम कामगार, घरकामगार आणि फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये होते, शिवभोजन थाळी मोफत होती आणि रेशनवर धान्य होते. पंधराशेचा आकडा योगायोगाने तोच. फरक चलनापुरता राहिला असता तरी एक वेळ समजून घेता आले असते. पण इकडचे पंधराशे दर पंधरवड्याला येत होते आणि तिकडचे एकदाच द्यायचे होते. १५ दिवसांसाठी म्हणून आलेले निर्बंध मुदतवाढ घेत जूनपर्यंत गेले. रिक्षाच्या कर्जाचा एक हप्ताही ज्यातून फिटत नाही, त्या रकमेवर दीड महिना घरी बसण्याची अपेक्षा ज्याच्याकडून केली गेली, तो रिक्षावाला चौकात दिसला की त्याला बेशिस्त म्हटले जाई.

यावर पुतण्याचे उत्तर तयार असते आणि ते चुकीचे नाही. अडीच कोटी लोकांचा श्रीमंत देश कर्ज काढून जे करू शकतो, ते बारा कोटींच्या राज्याला शक्य नाही. मान्य आहे. म्हणूनच ज्याला तिजोरी लागत नव्हती, त्या गोष्टींचा हिशेब अधिक काटेकोरपणे मागायला हवा असे मला वाटते. २४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून देशव्यापी टाळेबंदी जाहीर केली आणि ती मध्यरात्रीपासून लागू झाली. एवढ्या मोठ्या देशाला चार तास मिळाले. चारऐवजी चार दिवस दिले असते, रेल्वे चालू ठेवून गावी जाऊ इच्छिणाऱ्यांना जाऊ दिले असते, तर संसर्ग थोडा आधी पसरला असता असे म्हणणारे तज्ज्ञ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. पण त्या चार तासांचा परिणाम काय झाला हे आपण विसरता कामा नये. १४ एप्रिलला वांद्रे स्थानकाबाहेर गावी जायला मिळेल या आशेने हजारो मजूर जमले आणि त्यांच्यावर लाठ्या चालल्या. ८ मे रोजी औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना पहाटे मालगाडीने चिरडले. ते मध्य प्रदेशातले होते, जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करत होते आणि गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. निर्बंधांच्या भाषेत त्यांनीही नियम मोडलाच होता. पुढे सप्टेंबरमध्ये टाळेबंदीच्या काळात किती स्थलांतरित मजूर मरण पावले, असे संसदेत विचारले गेले तेव्हा, अशी आकडेवारी ठेवलेली नाही, असे लेखी उत्तर केंद्रीय श्रम मंत्रालयाने दिले. मोजणीला लागणारा खर्च या देशाला परवडत नव्हता, असे कोणी म्हणणार नाही.

हे वाचून ऑस्ट्रेलियाचे गुणगान चालले आहे असे कोणास वाटू नये, कारण इथल्या सरकारनेही हेच केले, फक्त ते कोणाच्या बाबतीत केले हे पाहावे लागते. ४ जुलै २०२० रोजी दुपारी फ्लेमिंग्टन आणि नॉर्थ मेलबर्न येथील सरकारी घरांच्या नऊ बहुमजली इमारती तत्काळ बंद केल्याची घोषणा झाली. चार तास सोडाच, चार मिनिटेही मिळाली नाहीत. घोषणा होईतो पोलिसांचे कडे पडत होते आणि सुमारे ३,००० माणसे, ज्यांत पूर्व आफ्रिकेतून निर्वासित म्हणून आलेली कुटुंबे पुष्कळ होती, घरात औषध आहे की नाही, पोरांना दूध आहे की नाही हे न पाहता कोंडली गेली. उर्वरित शहराला निदान दुकानात जाण्याची मुभा होती. राज्याच्या लोकायुक्त डेबोरा ग्लास यांनी डिसेंबरमध्ये अहवाल दिला की टाळेबंदीची ती तातडीची वेळ थेट आरोग्यविषयक सल्ल्यावर आधारलेली नव्हती आणि तीत मानवी हक्कांचा भंग झाला. सरकारने माफी मागण्याचे नाकारले. रहिवाशांच्या सामूहिक दाव्यात २०२३ मध्ये ५० लाख डॉलरची तडजोड झाली.

एप्रिल २०२० मध्ये पंतप्रधान स्कॉट मॉरिसन यांनी तात्पुरत्या व्हिसावरील लोकांना उद्देशून, ज्यांना स्वतःचा खर्च झेपत नाही त्यांनी आता मायदेशी परतावे, असे सांगितले. ‘जॉबकीपर’मधून परदेशी विद्यार्थी वगळले गेले. यांत लातूर-नांदेडपासून नाशिकपर्यंतची मराठी मुले होती. घरच्यांनी जमीन गहाण ठेवून त्यांना पाठवले होते आणि हॉटेलांतले त्यांचे काम आठवड्याभरात गेले होते. आमच्या ओळखीतील एक मुलगा सायकलवरून जेवणाची पार्सले पोचवी आणि रात्री स्वतः शीख स्वयंसेवकांनी वाटलेला डाळभात खाई. घरी आईला मात्र तो सांगे की सरकार पैसे देते आहे, काळजी करू नकोस. पंधराशे डॉलरचे औदार्य कोठे संपते हे त्याला नेमके ठाऊक होते.

आणि मग मे २०२१ आला. भारतात दुसऱ्या लाटेने कहर केला असताना ऑस्ट्रेलियाने भारतातून येणारी विमाने थांबवली, आणि ३ मेपासून, मागील १४ दिवसांत भारतात राहिलेल्या व्यक्तीने, ती ऑस्ट्रेलियाची नागरिक असली तरी, देशात प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ६६,६०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकेल असा आदेश काढला. स्वतःच्या नागरिकाने स्वतःच्या देशात परतणे हा गुन्हा ठरला. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत संसर्ग शिगेला असताना तिथून येणाऱ्यांवर अशी वेळ आली नव्हती, हे इथल्या भारतीयांच्या मनातून अजून गेलेले नाही. वडिलांच्या अंत्यविधीसाठी नागपूरला गेलेल्या एका मित्राने तो आदेश तिथल्या खोलीत मोबाइलवर वाचला. त्याचे पारपत्र ऑस्ट्रेलियाचे होते आणि ते हातात असून उपयोगाचे नव्हते. आदेश १५ मेपर्यंतच टिकला, न्यायालयाने त्याविरुद्धचा अर्जही फेटाळला, आणि शिक्षा कोणालाच झाली नाही. तरीही ज्याला आपण शिस्तप्रिय समाज म्हणतो, तो भीतीपोटी किती चटकन दार लावून घेतो, हे त्या १२ दिवसांत कळले. कोकणात गणपतीला आलेल्या चाकरमान्याला दहा दिवस विलगीकरणात ठेवले, गावाच्या वेशीवर काटेरी फांद्या आणि दगड टाकले, याला आपण अडाणीपणा म्हणतो. वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्याने एप्रिल २०२० पासून मार्च २०२२ पर्यंत आपल्याच देशबांधवांवर कमी-अधिक कडक गावबंदी घातली, आणि मधल्या निवडणुकीत तिथल्या प्रीमियरना ५९ पैकी ५३ जागा देऊन जनतेने तिचे स्वागत केले.

तेव्हा माणसे इथून तिथून सारखीच. फरक मला दिसला तो नंतरच्या काळात, आदेश देणाऱ्याला जाब विचारण्यात. मेलबर्नच्या रात्रीच्या संचारबंदीची शिफारस आपण केली नव्हती, हे व्हिक्टोरियाच्या मुख्य आरोग्य अधिकाऱ्यांनी जाहीरपणे सांगितले आणि तिच्याविरुद्ध त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात खटला चालला. संचारबंदी वैध ठरली, पण सरकारला तिची कारणे न्यायाधीशांपुढे मांडावी लागली. परदेशातून परतलेल्यांच्या हॉटेलांतील विलगीकरणातून विषाणू बाहेर कसा पडला याची चौकशी निवृत्त न्यायाधीशांपुढे झाली, तिचे प्रक्षेपण घरोघरी पाहिले गेले, प्रीमियर साक्षीला बसले आणि त्यांच्या साक्षीनंतर दुसऱ्याच दिवशी आरोग्यमंत्र्यांनी राजीनामा दिला. त्या हॉटेलांवर खासगी सुरक्षारक्षक नेमण्याचा निर्णय नेमका कोणाचा, हे त्या चौकशीलाही सापडले नाही, हा भाग वेगळा. नोकरशाही सर्वत्र तीच. न्यू साउथ वेल्समध्ये तर २०२२ साली ३३ हजारांहून अधिक दंड मागे घ्यावे लागले, कारण गुन्ह्याचे वर्णन त्यांत पुरेसे लिहिले नव्हते. महाराष्ट्रातही कलम १८८ खालील (सरकारी आदेश मोडल्याचे) गुन्हे मागे घेण्याचा निर्णय त्याच वर्षी झाला, पण तो सरकारच्या कृपेने. भर रस्त्यात उठाबशा काढायला लावल्या गेलेल्या माणसाला त्याचे काय वाटले, हे कोणी विचारले नाही. त्या चित्रफिती तेव्हा कुटुंबाकुटुंबांत हसत हसत फिरल्या होत्या.

आपल्याकडे चौकशा झाल्या त्या प्रामुख्याने कंत्राटांच्या. त्या आवश्यकच आहेत, परंतु चार तासांची सूचना कोणी ठरवली, कोणत्या सल्ल्यावरून ठरवली, पर्याय कोणते विचारात घेतले, हे जाहीर सुनावणीत विचारणारा आयोग देशात नेमला गेला नाही. कायदा त्याला फारसा वावही देत नाही. ज्या कायद्यांखाली २०२० मध्ये आपण घरात बसलो, त्यांपैकी साथरोग अधिनियम हा १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. ज्या वर्षी पुण्यात रँडच्या घरझडत्या झाल्या त्याच वर्षीचा. त्याचे कलम ४ सांगते की या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही. व्हिक्टोरियाने डिसेंबर २०२१ मध्ये केलेल्या नव्या कायद्यात प्रत्येक साथविषयक आदेशाबरोबर आरोग्यविषयक सल्ला आणि निर्णयाची कारणे प्रसिद्ध करणे मंत्र्यावर बंधनकारक आहे.

विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात, फेब्रुवारी २०२४ मध्ये, १८९७ च्या कायद्याचा सर्वंकष फेरविचार सुचवला आहे. दरवर्षी मार्चमध्ये आपण शिस्तीवर जेवढे बोलतो, त्याच्या निम्म्यानेही या अहवालावर बोललो, आणि सुधारित कायद्यात पूर्वसूचनेची किमान मुदत, लेखी कारणे आणि रोजगार बुडालेल्याला पंधरवड्याचे साहाय्य ही तीन कलमे घालावीत म्हणून आपापल्या आमदार-खासदारांना गाठले, तर पुतण्याशी वाद घालायला मलाही अधिक हुरूप येईल.