हॅवलॉकला दिवसभराची गाडी कशाला?

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तो मेसेज पुन्हा फिरू लागतो: 'अंदमानात हॅवलॉक आणि नीलसाठी दिवसभराची गाडी आधीच बुक करा. तिथं सगळं लांब लांब आहे, बस नाही, भाड्याची स्कूटी बेकायदेशीर, आणि आईवडील सोबत असतील तर गाडीशिवाय पानही हलत नाही.' (2018 पासून ही बेटं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, पण लोक अजून जुनीच नावं घेतात. मीही तीच घेतो.)

'सगळं लांब' हे नीलबद्दल वाचून तर हसूच येतं. भरतपूरचा किनारा बोटीच्या धक्क्याला लागून. लक्ष्मणपूर दोनेक किलोमीटर, आणि लांबचं म्हणाल तर सीतापूर, तेही पाचेक. बर्डीहून आपलं विमानतळ याहून लांब पडतं. सायकल भाड्यानं मिळते, ती पुरते. फक्त सकाळी लवकर निघा. मे महिना सोसलेला नागपूरकरही तिथल्या दमट हवेत घामाघूम होतो.

हॅवलॉक मोठं आहे, हे खरं. धक्क्यापासून राधानगरचा किनारा साधारण 12 किलोमीटर, तिथं सायकलचा हट्ट नको. पण 'बस नाही' हे साफ खोटं. धक्का ते राधानगर सरकारी बस धावते. फेऱ्या मोजक्या, म्हणून बोटीतून उतरल्याबरोबर वेळा विचारून घ्यायच्या, परतीच्या शेवटच्या बसची आधी. कारण बेटं आपल्यापेक्षा बरीच पूर्वेला आणि घड्याळ मात्र तेच; डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. राधानगरचा सूर्यास्त पाहायला जो तो तिथंच जमतो, आणि मग अंधार पडला की ओले कपडे, हातात चपला अशा अवस्थेत सगळ्यांना एकदमच ऑटो हवा असतो. भाव चढणार नाही तर काय होणार? जातानाच ऑटोवाल्याशी येण्याचंही ठरवून टाका. ॲपवरून गाडी मागवायची सवय नागपुरातच ठेवून जा.

आता त्या दिवसभराच्या गाडीचं बघू. हॅवलॉकच्या एलिफंट बीचपर्यंत गाडीरस्ताच नाही. धक्क्यावरून बोटीनं जा, नाहीतर जंगलातून पायी. नीलचा दगडी नैसर्गिक पूल ओहोटीलाच गाठता येतो, तोही खडकांवरून चालत. राधानगरला तुम्ही दोन-तीन तास पाण्यात. तेवढा वेळ गाडी झाडाखाली उभी, आणि भाडं आपल्या खिशातून चालू! शिवाय पोर्ट ब्लेअरची (2024 पासून श्री विजयपुरम) गाडी प्रवाशांच्या वेगवान बोटींवर चढत नाही. म्हणजे 'पूर्ण टूरला गाडी' याचा अर्थ प्रत्येक बेटावर नवी गाडी, नवा ड्रायव्हर.

स्कूटी बेकायदेशीर नाही. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असली की ती भाड्यानं द्यायची परवानगी असलेली. पांढरी पाटी म्हणजे कुणाची तरी घरची. अपघात झाला तर विम्याचं भांडण तुमच्या गळ्यात. लायसन्स आणि हेल्मेट हवंच.

आईवडिलांच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसमध्ये चढवत बसू नका. पण गाडी फेरीपुरती ठरवा: धक्का ते हॉटेल, हॉटेल ते राधानगर आणि परत. दिवाळीच्या सुमारास तिथं पाऊसही असतो. तो लागला की स्कूटीची किल्ली देऊन टाका आणि सरळ ऑटो बघा.