फ्रीज पांढरी पाचमध्ये गातो

घरी पाहुणे आले, चहा झाला, चिवड्याची बशी तळाला गेली, की आई हटकून म्हणते, "ह्याचं पण संगीतात चाललेलं असतं हं काहीतरी." पुढचं वाक्य पाहुण्यांचं, तेही ठरलेलं. "अरे वा! मग वाजवून दाखव ना!"

काय दाखवणार, कप्पाळ? मी सिंथेसायझरवर काळोखं संगीत करतो. शब्द नाहीत, ठेका नाही, मुखडा-अंतरा नाही. खर्जातला एक स्वर धरायचा आणि त्याचा फिल्टर इतका सावकाश उघडायचा, की पडक्या किल्ल्याच्या भुयारातून कुणीतरी मशाल घेऊन येतंय असं ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे. नाशिकच्या काकांना तसं वाटलं नाही. मान डोलवायच्या तयारीत ते बराच वेळ थांबले आणि मग हळूच म्हणाले, "तानपुरा अजून लागतोय का?"

ह्या प्रकाराचं माहेर नॉर्वे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या ब्लॅक मेटल ह्या कर्णकर्कश रॉकवाल्यांपैकी काहीजण गिटार टाकून कीबोर्डकडे वळले. एम्परर बँडमध्ये बेस वाजवणारा मॉर्टीस तर बँड सोडून, लांब नाकाचा आणि टोकदार कानांचा मुखवटा चढवून, एकटाच लांबलचक रचना करत सुटला. एक माणूस, एक कीबोर्ड, बाहेर बर्फ. मला भुरळ पडली ती ह्या एकटेपणाची. नॉर्वेत एकटं बसायला खुर्ची लागते. भांडुपला आम्ही दोन खोल्यांत चौघं, शिवाय कामाच्या मावशी, आणि त्यांना नेमकी माझ्या कीबोर्डखालचीच लादी आधी पुसायची असते. अल्बमच्या कव्हरवर किल्ला असावा अशी रीत आहे, म्हणून शीवच्या किल्ल्यावर फोटो काढायला गेलो. बुरुज होते, पण प्रत्येकाच्या आडोशाला आधीच एकेक जोडपं बसलेलं. खाकरून परत आलो.

कीबोर्ड लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, सेकंडहँड. दुकानदाराने माझ्यासमोरच तो उघडला. आत झुरळाचे पाय, खारट हवेने हिरवट पडलेलं तांबं आणि अक्षतांचे दोन दाणे. त्याने रबराची पट्टी उपसली, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बोळ्याने तिच्याखालचे काळे ठिपके एकेक पुसले, फिल्टरच्या बटणात स्प्रे मारला आणि ते डावी-उजवीकडे फिरवत राहिला. खर्र... खर्र... मग नुसतंच गुळगुळीत. "झाला नवा." तेवढ्यात कीबोर्ड आपणहून केहरवा वाजवायला लागला. दुकानदाराने त्याला एक चापट मारली. "ऑर्केस्ट्रातला पीस आहे शेठ, लग्नं वाजवलीत. पावसाळ्यात थोडं होईल असं."

होतंच. भुयारात मशाल अर्ध्यावर पोचलेली असते आणि अचानक धा गे न ति न क धि न.

तरी मुंबईत सिंथेसायझर घेऊन बसणारा मी काही पहिला नव्हे. चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये इथेच रोलंडच्या टीबी-303, टीआर-808 वगैरे यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवून तबकडी काढली होती. तेव्हा तिला फारसं कुणी विचारलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले लोक म्हणू लागले, की ॲसिड हाउस ह्या नाचाच्या यंत्रसंगीताची चाहूल त्याच्या जन्मगावाच्या, शिकागोच्या, आधी मुंबईला लागली होती! हे मी मोठ्या उत्साहाने बाबांना सांगितलं. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. "28 वर्षं? लॉक-इन जरा जास्तच आहे."

मुंबईत शांतता नाही ही तक्रार सगळेच करतात, माझी त्याहून बारीक आहे. शेवटची लोकल गेली, कुत्र्यांची सभा बरखास्त झाली, खालचा रिक्षावाला फोनवरचं भांडण आटपून झोपला, की मग फ्रीज ऐकू येतो. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे तो 100 हर्ट्झवर घुमतो. पांढरी पाच, म्हणजे पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी, तिचा स्वर त्या सप्तकात 98 हर्ट्झचा. म्हणजे आमचा फ्रीज पांढरी पाचमध्ये गातो, पण किंचित चढा. मी पांढरी पाच धरली, की दोघांच्या भांडणातून सेकंदाला दोन हेलकावे येतात. हेडफोन लावून सुटका नाही, कारण लॅपटॉपच्या चार्जरमधून तीच घुमघुम आत शिरते. चार्जर काढला की ती जाते, पाठोपाठ बॅटरीही जाते. शेवटी मीच कीबोर्डचं ट्यूनिंग वर चढवलं. फ्रीज घरात माझ्या आधी आलाय, थोरांचा मान ठेवलेला बरा.

हेडफोनची आणखी एक गोची आहे. आवाज मला एकट्याला ऐकू येतो, पण दिसतो मी सगळ्यांना. घरच्यांना काय दिसतं? कमावता मुलगा डोळे मिटून एकच पट्टी दाबून बसलाय. एकदा आईला ते बघवेना. ती खलबत्त्यातला बत्ता घेऊन आली, पट्टीवर ठेवला आणि म्हणाली, "हं, आता दळण घेऊन ये."

माझी बोलतीच बंद झाली, कारण हे शास्त्रोक्त आहे. जर्मनीत हाल्बरश्टाटच्या एका चर्चमध्ये जॉन केज ह्या अमेरिकन संगीतकाराची ऑर्गनसाठीची रचना 2001 पासून चालू आहे, ती 2640 मध्ये संपायची आहे. तिथले स्वर वाळूच्या छोट्या पिशव्यांच्या वजनाने धरून ठेवलेत. दळण आणल्यावर आईला हे सांगितलं. "2640?" ती पीठ चाळत म्हणाली. "तोवर आपली बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला जाईल का रे?"

मिक्स मात्र स्पीकरवर ऐकावंच लागतं, आणि तिथे शेजारच्या काकू येतात. 40 हर्ट्झच्या स्वराची लहर साडेआठ मीटर लांब, माझी खोली जेमतेम तीन मीटरची. म्हणजे स्वर सुरू होतो माझ्याकडे आणि पुरा होतो काकूंच्या किचनमध्ये. काकू दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी माफीची वाक्यं जुळवून तयार होतो.

"मांडणीवरची भांडी बोलतात रे तुझ्या त्या घूंऽऽने."

"सॉरी काकू, कमी करतो."

"कमी कशाला? पेन ड्राइव्हवर दे." काकू सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांचे योगाचे वर्ग घेतात. "शवासनाला हवंय. बासरी लावली की ह्या गुणगुणायला लागतात, श्लोक लावले की सोबत म्हणतात. तुझ्यात काही घडतच नाही ना, ते बरं पडतं."

इतकं नेमकं समीक्षण माझ्या वाट्याला आजवर आलं नव्हतं. मी त्यांना जुलैत केलेली एक रचना दिली. केहरवा कापून साफ केलेली फाइल आठवड्याभरात देतो, असंही सांगितलं.

आठवडा संपायच्या आत काकू पुन्हा दारात. "दुसरी नको देऊस. हीच ठेव. सगळ्या घोरायला लागतात रे, आणि नेमक्या वेळेला तो ठेका येतो ना, त्याने उठून बसतात."