पदवी कोणत्या साली मिळाली, तेही बघा

पदवीनंतर दहा वर्षांनी कोण कुठे पोहोचलं, म्हणजे नोकरी, पगार, घर, लग्न, मुलं, याचा आढावा तुम्ही तुमच्या लेखात मनापासून घेतलाय आणि कमी पगारवाल्यांना 'मागे पडलेले' म्हटलंय. पण पगारांची तुलना करताना पदवी कोणत्या साली हातात पडली, हे राहूनच गेलं. कॅनडातल्या पदवीधरांवरचा एक मोठा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार मंदीत पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची सुरुवातीची कमाई सुमारे ९ टक्क्यांनी कमी होती आणि ही तूट भरून निघायला जवळपास दहा वर्षं गेली. म्हणजे तुम्ही ज्या टप्प्यावर मोजमाप करताय, तिथे ही मंडळी कुठे जेमतेम बरोबरीला येतात! त्यांना 'मागे पडलेले' म्हणणं मला पटत नाही.

बायकांचं तर आणखी वेगळं. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी सहकाऱ्यांसोबत शिकागोतल्या एमबीएधारकांचा अभ्यास केला होता. सुरुवातीला स्त्री-पुरुषांचे पगार जवळपास सारखेच होते. पुढे दरी वाढत गेली. त्यामागे मुख्यतः मुलं झाल्यावर पडलेला खंड आणि कामाचे कमी झालेले तास.

आमच्या वर्गात पहिली आलेली मैत्रीण पाच वर्षांच्या खंडानंतर पुन्हा मुलाखतीला गेली. समोरच्याने बायोडेटावरच्या मोकळ्या जागेवर पेन टेकवून विचारलं, "इथे काय केलंत?" सुवर्णपदकाचा कागद फाइलमध्ये खालीच राहिला, तो कुणी उघडून पाहिलाही नाही. सांगताना तिचा आवाज कापत होता.

पुढच्या भागात अशा खंड पडलेल्यांशी जरूर बोला.