"चार टायर गळ्यात मारले" या रिव्ह्यूला टायरच्या दुकानाच्या मालकाचं उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलाय तो राहू द्या, काढा म्हणून मागे लागणार नाही, पण जे लिहिलंय त्यातलं अर्धं खरंय आणि अर्ध्याला मला उत्तर द्यायचंय, म्हणून इथेच सगळ्यांसमोर लिहितो.

तुमच्या ऑफरोडच्या गाडीला आम्ही मोठे मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे टायर बसवले, त्यावर तुमच्या तक्रारी चार. हायवेला घूं घूं आवाज येतो, मागे बसलेल्याला झोप लागत नाही. अ‍ॅव्हरेज लिटरला १२ किमीवरून १० वर आलं. स्टेअरिंग फुल कापलं की टायर आत घासतो. आणि तुम्हाला १८ इंची रिम हवी होती तर आम्ही १६ ची लोखंडी डिस्क, म्हणजे साधी लोखंडी रिम देऊन गाडी जुनाट करून टाकली.

घासण्याचं आधी घेतो कारण ती चूक आमचीच आहे. तुमचा कंपनीचा टायर २४५/७५ आर १६, तुम्ही घेतला २६५/७५ आर १६ (पहिला आकडा रुंदी एमएममध्ये, दुसरा बाजूच्या रबराची उंची रुंदीच्या किती टक्के, शेवटचा रिम किती इंची). रुंदी २० एमएम वाढली म्हणजे १० आत आणि १० बाहेर. आतल्या बाजूला जागा कमी वाटली म्हणून आम्ही रिम घेतली ईटी १० ची, जुनी होती ईटी ३० (ईटी म्हणजे रिमची बोल्ट बसायची जागा रिमच्या मध्यापासून किती एमएम बाहेर आहे ते). ईटी कमी झाला की चाक तेवढंच बाहेर सरकतं, त्यामुळे आत मोकळं झालं पण बाहेरची कड जुन्यापेक्षा जवळजवळ ३० एमएम पुढे आली, आणि अशी बाहेर आलेली कड स्टेअरिंग कापताना मोठा गोल फिरते ना, ती मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला मागच्या बाजूने लागते. आम्ही काय केलं, गाडी सपाट फरशीवर उभी करून स्टेअरिंग दोन्हीकडे कापून बघितलं, काही लागलं नाही, झालं म्हणालो. एक चाक ठोकळ्यावर चढवून, सस्पेन्शन दाबलेलं असताना कापून बघायला पाहिजे होतं. ऑफरोडची गाडी फरशीवर तपासली, याला दुसरं काय म्हणणार. प्लॅस्टिक थोडं कापून आणि मागे ओढून बसवता येईल, नाहीतर ईटी २० ची रिम टाकून बघू, आतल्या बाजूला जुन्या सेटिंगएवढीच जागा राहते. मजुरी घेणार नाही.

आता आवाज. दादा, तुम्ही आलात तेव्हा फोनवर फोटो होता, चिखलात अर्धी बुडालेली गाडी आणि मोठ्या दातांचे मड टेरेन टायर. मी विचारलं होतं महिन्यात चिखलात किती वेळा जाता, तुम्ही म्हणालात दोन महिन्यांतून एखादा ट्रॅक. बाकी सगळं डांबर. तेव्हाच म्हणालो होतो ऑल टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे घ्या म्हणून. मड टेरेनचे रबरी ठोकळे मोठे असतात, मधल्या फटी रुंद असतात, चिखल त्या फटीतून बाहेर फेकला जावा म्हणूनच त्या असतात, पण डांबरावर तेच ठोकळे एकेक करून आपटतात आणि फटीत हवा दाबली जाते, तो आवाज. पुढे टायर झिजेल तसा वाढेल, कमी होणार नाही, म्हणून ८ ते १० हजार किमीला पुढचे मागे करून घ्या. आणि आवाजापेक्षा महत्त्वाचं म्हणजे फटी जास्त म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी, ओल्या डांबरावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. पुढच्या गाडीपासून लांब राहा, प्लीज. मी बोललो होतो हे खरं, पण तुम्ही हट्ट धरल्यावर मी लगेच मान्य केलं हेही खरं. विकणाऱ्याला मान्य करायला किती वेळ लागतो.

अ‍ॅव्हरेजचं गणित जरा वेगळंय. तुमचा जुना टायर ७७४ एमएम उंच, नवा ८०४, म्हणजे जवळपास ४ टक्के मोठा. चाक एका फेरीत जास्त अंतर जातं पण मीटरला ते माहीत नाही, तो फेऱ्याच मोजतो. मीटर १०० किमी दाखवतो तेव्हा गाडी १०४ गेलेली असते. म्हणजे तुमचं १० हे खरं १०.४ आहे, घट दोनची नाही, दीडच्या आसपास. (स्पीडलाही हेच लागू, काटा तेवढाच दिसला तरी आता तुम्ही आधीपेक्षा ४ टक्के जास्त वेगाने चाललाय.) उरलेली घट जड टायर, लोखंडी डिस्क आणि हवा यांच्यात वाटून घ्या. हवा म्हणतोय कारण तुम्ही तक्रार घेऊन आलात तेव्हा आमच्या पोराने चेक केली तर चारही चाकांत २२ पीएसआय. ट्रॅकवर उतरवली ते बरोबर केलंत, हवा कमी केली की टायर लांबट पसरतो, जास्त जमीन धरतो, पण परत डांबरावर येताना भरायची असते ना. तेवढ्या हवेवर भरलेली गाडी हायवेला पळवली की साईडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, सारखी वाकते, तापते आणि एक दिवस फुटते. छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवा.

१६ च्या रिमवर मात्र मी मागे हटणार नाही. तुम्ही दाखवलेला १८ चा सेट २६५/६० होता. तो टायर ७७५ एमएम, म्हणजे तुमच्या जुन्याएवढाच उंच, फक्त त्यात रिमचा धातू जास्त आणि रबर कमी. साईडवॉल १५९ एमएम, आत्ता तुमच्याकडे आहे १९९. दगडावर चढताना ते ४० एमएम रबरच रिमला वाचवतं, आणि हवा कमी करायची तर वाकायला साईडवॉल पाहिजे, नसेल तर काय वाकणार. तुम्ही दाखवलेली मॅगव्हील, म्हणजे अलॉयची रिम, दिसायला भारी, वजनालाही बहुतेक हलकं, पण जोरात आपटलं तर तडा जातो. लोखंडी डिस्क वाकते, आणि आडरानात हातोड्याने ठोकून हवा धरण्यापुरती सरळ करता येते. जुनाट दिसते म्हणालात, दिसू द्या.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाही, ती मीच सांगतो, कारण यात पण आम्ही चुकलो. आम्ही टायर चारच दिले, मागच्या दाराची स्टेपनी अजून जुन्या साईजची आहे. ३० एमएमचा फरक. पंक्चर झालं आणि ती लावून तुम्ही फोर व्हील टाकलं तर पुढचे मागचे एक्सल वेगवेगळ्या वेगाने फिरायला बघणार आणि तुमच्या गाडीत मधे डिफरेन्शियल (दोन्ही एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) नाही, सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर. नव्या साईजचा पाचवा टायर घेईपर्यंत स्टेपनी लावायची वेळ आली तर पुढच्याच चाकाला लावा, मागचं पंक्चर असेल तर पुढचं चांगलं मागे घ्या, गाडी टू व्हीलमध्येच ठेवा आणि हळू चालवा. पाचवा टायर घ्या असं बिलाच्या वेळीच बोलायला पाहिजे होतं, बिल मोठं झालं की गिऱ्हाईक उठून जाईल या भीतीने बोललो नाही.

टायर बदलून ऑल टेरेन हवे असतील तर हे फार झिजायच्या आत सांगा, वापरलेल्याचे जमतील तेवढे पैसे वळते करून देतो, पूर्ण देईन असं म्हणत नाही. येताना गाडी रिकामी आणू नका, ट्रॅकला जाताना असतं तेवढं सामान आणि माणसं बसवून आणा, यावेळी ठोकळ्यावर चढवून बघतो.