कॅम घरी बदलायचा की गॅरेजला द्यायचा? आधी लेबरचा हिशेब बाजूला ठेवा

बाइकचा कॅम (इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) घरीच बदलावा का, हा प्रश्न हल्ली व्हिडिओ बघून बघून पडायला लागलाय. त्यातले बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले. तिकडे मेकॅनिक तासावर पैसे घेतो आणि दर असा असतो की जुन्या व्ही-८ इंजिनाचा कॅम स्वतः बदलला तर खरंच घसघशीत वाचतात. आपल्याकडे स्प्लेंडर किंवा पल्सरचं हेड, म्हणजे कॅम बसतो तो इंजिनाचा वरचा भाग, उघडायचं लेबर एकीकडे आणि बऱ्यापैकी टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा), फिलर गेज (फट मोजायच्या पात्या), व्हर्नियर यांचं बिल दुसरीकडे ठेवून बघा. अवजारंच महाग पडतात. तेव्हा पैसे वाचवायला म्हणून घरी करणार असाल तर नका करू.

घरी करायचं एकच चांगलं कारण मला दिसतं. कॅम का गेला, हे शोधायला तुमच्याकडे वेळ असतो. गॅरेजवाल्याच्या दारात आणखी सहा गाड्या उभ्या असतात, तो कॅम बदलतो आणि गाडी देतो. त्याचा दोष नाही, पैसे त्याला तेवढ्याच कामाचे मिळतात. पण कॅम आपणहून खराब होणं दुर्मिळच. ऑइल कमी पडलं, घाण झालं किंवा वरपर्यंत पोहोचलंच नाही, ही नेहमीची कारणं. या इंजिनात ऑइल असतं लिटरभराच्या आसपास. त्यातलं निम्मं जळालं तरी गाडी मुकाट्याने चालते, आणि पहिला मार बसतो हेडला, कारण पंपापासून सगळ्यात लांब तेच.

मुळात कॅम गेलाय का, हे आधी नक्की करा. हेडमधून टकटक येते म्हणजे कॅमच, असं नाही. टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट ठेवणारा स्क्रू) नीट सेट केल्यावर आवाज गेला तर विषय संपला. सेट करूनही चार दिवसांत फट पुन्हा वाढली, पिकअपही मेला, तर मात्र उघडा. कॅमच्या लोबचं, म्हणजे फुगवट्याचं, टोक उजेडात धरा. चांगला लोब आरशासारखा गुळगुळीत असतो. गेलेल्यावर नखाला अडकेल अशी कड लागते, आणि त्याला घासून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरच्या तोंडावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात. वरचा कडक थर एकदा फुटला की खालचा मऊ धातू भराभर झिजतो. म्हणून नवा कॅम आणि जुना रॉकर ही जोडी कधीही लावू नका, जुना रॉकर नव्या कॅमला महिन्याभरात खातो. लेथवाल्याकडून वेल्डिंग भरून घासून आणलेला कॅम तर दुकानाच्या पायरीवरूनच परत करा. रॉकरची शाफ्ट ढिली आहे का आणि कॅमचं बेअरिंग बोटाने फिरवल्यावर खरखरतंय का, हेही तेव्हाच बघायचं.

आता काम. इंजिन पूर्ण थंड. प्लग काढा, म्हणजे क्रँक (पिस्टन फिरवतो तो खालचा दांडा) हाताने सहज फिरतो. मॅग्नेटच्या (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाच्या) खिडकीतून बघत क्रँक गाडी पुढे जाते त्या दिशेनेच फिरवा आणि टी खूण जुळवा, ती पिस्टन सगळ्यात वर आल्याची. शेजारीच एफ खूण असते, ती स्पार्कची. घाईत तीच जुळवून बसणारे भरपूर. मग आधी कॅम फिरवणाऱ्या चेनचा टेन्शनर (तिला ताणून धरणारा भाग) मोकळा करा आणि त्यानंतरच स्प्रॉकेटच्या बोल्टला हात लावा. स्प्रॉकेट निघालं की चेन तारेने वर बांधायची आणि खालच्या भोकात स्वच्छ फडकं कोंबायचं. एक बोल्ट त्या बोगद्यात पडला तर संध्याकाळ गेली.

बसवताना टी खूण जागेवर, स्प्रॉकेटची खूण हेडच्या खुणेसमोर, आणि चेनचा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूलाच. इथे एक दात चुकणं हे किती मोठं प्रकरण आहे ते बघा. स्प्रॉकेट २८ दातांचं असेल तर एक दात म्हणजे कॅमचे जवळजवळ १३ अंश. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे क्रँकच्या हिशेबाने २५ अंशांहून जास्त. गाडी कदाचित चालूही होईल, पण दम नसेल, कार्ब्युरेटर असेल तर त्यातून फटाके वाजतील आणि दोष मात्र त्यालाच मिळेल. दोन-तीन दात चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनला टेकू शकतो. म्हणून टेन्शनर बसवल्यावर क्रँकचे दोन पूर्ण फेरे हाताने द्या आणि खुणा पुन्हा बघा. मध्येच कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, परत उघडायचं. ऑटोमॅटिक टेन्शनर असेल तर त्याचा दांडा आत घेऊनच बसवा. बाहेर आलेला दांडा बोल्टने रेटून बसवला की चेन तारेसारखी ताणते आणि ती सरकते ती पट्टी, म्हणजे गाइड, मोडतं.

घरी सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आट्यांचं. हेड ॲल्युमिनियमचं, बोल्ट ६ मिमीचे. त्यांना साधारण १० न्यूटन मीटर पुरतं, आणि ते हाताला फारच कमी वाटतं. म्हणून माणूस आणखी पाव फेरा देतो आणि आटे उपटून हातात येतात. गॅरेजमध्येही हेच होतं, फक्त तिथे आपल्याला सांगत नाहीत.

लोबला ऑइल चोपडल्याशिवाय कॅम आत घालायचा नाही. टॅपेटची फट या इंजिनांत ०.०५ ते ०.१० मिमीच्या घरात असते, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकातला घ्या. पाती किंचित अडत सरकली पाहिजे. आवाज नको म्हणून टॅपेट घट्ट करून देणारे मेकॅनिक आहेत. तसं केलं की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि जळतो.

आणि आता ज्यासाठी घरी करायचं ते. ऑइल काढून तळाची जाळी धुवा. स्प्लेंडरच्या क्लच कव्हरच्या आत क्रँकवर फिरणारा ऑइल फिल्टर असतो, तोही उघडून आतला काळा गाळ खरवडा. हे सहसा कोणी करत नाही, कारण कव्हर खोलायचं म्हणजे पॅकिंग नवं लागतं. हेडकडे जाणारं ऑइलचं भोक हवेने फुंका. पॅकिंगला सिलिकॉन थापायची आपल्याकडे हौस आहे, तेच सिलिकॉन पिळून त्या भोकात जातं. जोडून झाल्यावर चावी बंद, प्लग बाहेर, आणि भरपूर किका मारा. मग प्लग लावून टॅपेटचं झाकण उघडं ठेवून गाडी चालू करा. अर्ध्या मिनिटात रॉकर ओला दिसला नाही तर लगेच बंद करा, नवा कॅमही जुन्याच्याच वाटेने जाणार आहे.

एवढं करायची तयारी नसेल तर खुशाल गॅरेजला द्या, त्यात कमीपणा नाही. फक्त जुना कॅम आणि रॉकर परत मागून घ्या, नव्याचं खोकं बघा, आणि जाळी आणि फिल्टर उघडायचे वेगळे पैसे आधीच कबूल करा. पैसे ठरले की मेकॅनिक ते काम नीट करतो.

कारचं मात्र माझं मत सरळ उलटं आहे. स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टात आलेलं १.३ डिझेल घ्या. त्यात कॅम आणि क्रँक पिनांनी लॉक करूनच टायमिंग धरावं लागतं. पिना नसताना अंदाजाने जुळवलं तर रॉकर मोडतात. ते ज्याच्याकडे पिना आहेत त्यालाच द्यावं, आणि काम घेण्याआधी पिना दाखवायला सांगावं.

बाइकवाल्यांनी कॅम बदलल्यावर ५०० किलोमीटरला ऑइल बदलून टाका, ते स्वच्छ पांढऱ्या डब्यात काढा आणि तळाशी धातूची चमक दिसते का बघा. टॅपेटची फटही तेव्हाच पुन्हा मोजा.